‘हिस्टरी’ या शब्दाची चौकशी

(गुरुजींच्या स्मरणार्थ मुळशी तालुक्यात दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या हाताखाली शिकलेली बरीच मंडळी समोर बसली आहेत. त्यांना गुरुजींचा एक शब्द आठवत असेल. वर्गात कुणी काहीही ठामपणे सांगितलं, की गुरुजी चष्मा कपाळावर सरकवून एवढंच विचारायचे, “कशावरून?” त्या विचारण्यात राग नसायचा आणि टोमणाही नसायचा. आपण सांगितलेलं आपल्याला कुठून कळलं, हे शोधायला ते लावायचे. आज मी ज्या शब्दावर बोलणार आहे, त्याचा मूळ अर्थ याच प्रश्नाशी येऊन थांबतो. म्हणून त्यांच्या नावाच्या व्याख्यानमालेत हा विषय घ्यावासा वाटला.

मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं. इतिहासाची शिक्षिका मी नव्हे. पण शाळेच्या वेळापत्रकातला एक इंग्रजी शब्द मला गेली कित्येक वर्षं सोडत नाही. तो शब्द म्हणजे ‘हिस्टरी’. तो माझ्या मागे कसा लागला, ते आधी सांगते.

नववीचा वर्ग होता. निबंधाचा विषय होता ‘माय व्हिलेज’. निबंध तपासताना ठरलेली वाक्यं येत होती: माझं गाव लहान आहे, गावात एक देऊळ आहे, आजूबाजूला डोंगर आहेत. एका मुलाच्या वहीत मात्र एक वाक्य होतं, ‘माय ग्रेट-ग्रँडफादर्स व्हिलेज इज हिस्टरी.’ माझ्या पणजोबांचं गाव ‘इज’ हिस्टरी. मी लाल शाईने ‘इज’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘हॅज अ’. पणजोबांच्या गावाला इतिहास आहे, असं त्याला म्हणायचं असणार, असं मी धरून चालले. मुलाला टेबलापाशी बोलावून समजावलंही, “अरे, अमुक माणूस ‘इज हिस्टरी’ असं इंग्रजीत म्हटलं, की तो संपला, त्याचा विषय मिटला, असा अर्थ होतो. गाव असं संपतं का?” मुलगा मान हलवून जागेवर जाऊन बसला. मी पुढची वही ओढली.

तो मुलगा मुळशी धरणाच्या काठावरच्या वाडीतून येत होता. त्याच्या पणजोबांचं गाव मुळशीच्या पाण्याखाली आहे, हे मला फार उशिरा उमगलं. व्याकरणाची चूक त्याने केलीच नव्हती. त्याने त्या शाळेतलं सगळ्यात नेमकं इंग्रजी वाक्य लिहिलं होतं, आणि मी ते खोडलं होतं.

त्या खोडलेल्या ‘इज’ने मला या शब्दाच्या मागे लावलं. तेव्हापासून जे हाती लागलं, ते आज तुमच्यासमोर मांडते.

आधी रोजच्या बोलण्यातलं इंग्रजी पाहू. हा शब्द तिथे कसा वावरतो? कुणाच्या गोष्टीचा शेवट ठाऊकच असेल, तर इंग्रजीत ‘द रेस्ट इज हिस्टरी’ म्हणतात. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, सांगायला नको. जुनं भांडण कुणी उकरून काढलं, तर ‘दॅट्स एन्शंट हिस्टरी’ म्हणतात; झालं गेलं ते, आता त्याचं काय? नोकरीवरून काढणार असतील, तर ‘यू आर हिस्टरी’, म्हणजे तुझा इथला कारभार आटोपला. दोन माणसांमध्ये ‘हिस्टरी’ आहे असं म्हटलं, तर त्यांच्यात पूर्वीचं काहीतरी आहे, प्रेम असो की वैर. आणि ‘टू मेक हिस्टरी’ म्हणजे जे आधी कुणी केलं नाही, ते करून दाखवणं.

या प्रयोगांत शेवटचे दोन सोडले, तर बाकीच्यांचा सूर एकच आहे. दार लावून घेण्याचा. पुढे बोलायला नको, विचारायला नको. शाळेत एक अख्खा विषय ज्या नावाने शिकवला जातो, तेच नाव रोजच्या बोलण्यात ‘आता विचारू नका’ असं सांगण्यासाठी वापरलं जातं. हे मला विलक्षण वाटतं.

आता हाच शब्द आपल्याकडे कसा वापरला जातो, ते बघा. २००० सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. पुढे सेमी-इंग्रजीचे वर्ग आले. त्यांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, इतिहास मात्र मराठीतूनच. तरीही मुलं एकमेकांना विचारतात, “आज हिस्टरीचा पेपर कसा गेला?” पुस्तकावर छापलंय ‘इतिहास’, मुलांच्या तोंडी ‘हिस्टरी’. एका वस्तूला दोन नावं झाली, तर झाली, त्यात काय, असं वाटेल. पण भाषा एकाच घरात दोन नावं फार काळ फुकट पोसत नाही. ती दोघांना वेगवेगळी कामं वाटून देते.

नीट कान देऊन ऐका. इतिहास पुल्लिंगी, तर हिस्टरी आपण स्त्रीलिंगी करून घेतली. एवढ्यावर ते थांबलं नाही. ‘या घराण्याला मोठा इतिहास आहे’ असं म्हटलं, की ऐकणारा आदराने बघतो. ‘त्या माणसाची हिस्टरी माहितेय ना?’ असं म्हटलं, की ऐकणारा सावध होतो. पोलिसांच्या दप्तरात ‘हिस्टरी-शीटर’ असतो, कर्ज देताना बँक ‘क्रेडिट हिस्टरी’ बघते, आणि मोबाइलमधली ‘हिस्टरी’ मुलं घरच्यांच्या हाती पडण्याआधी पुसून टाकतात. थोडक्यात, इतिहास मिरवायचा आणि हिस्टरी लपवायची, अशी वाटणी आपण नकळत करून टाकली. अभिमानाचं सगळं एका शब्दाकडे गेलं, गैरसोयीचं सगळं दुसऱ्याकडे.

एका ठिकाणी मात्र ‘हिस्टरी’चा फार सुंदर उपयोग होतो. ते ठिकाण म्हणजे डॉक्टरांचा दवाखाना. माझी आई खोकल्याने बेजार होती, तेव्हा तिला घेऊन गेले होते. तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला आणि म्हणाल्या, “आजी, आधी हिस्टरी सांगा.” आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “केव्हापासून त्रास होतोय, ते विचारतायत.” आईने सांगितलं, “धाकटीचं लग्न झालं ना, त्या पावसाळ्यापासनं. भात लावून झालं होतं.” डॉक्टरीणबाईंनी पेन थांबवलं नाही. धाकटीचं लग्न कोणत्या साली झालं, चुलीवर स्वयंपाक होता का, धूर कुठे जायचा, घरात आणखी कुणाला दमा होता का, वजन उतरलं का, असं एकेक विचारत गेल्या. दहा मिनिटांत आईचं निम्मं आयुष्य त्या कागदावर उतरलं. मग त्यांनी स्टेथोस्कोप उचलला.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. डॉक्टर ज्याला हिस्टरी म्हणतात, ती पेशंटच्या खिशात तयार नसते. विचारणारा चांगला असेल, तर ती तयार होते. प्रश्न चुकला तर हिस्टरी चुकते, आणि हिस्टरी चुकली तर औषध चुकतं.

गंमत अशी, की शब्दाचं मूळ शोधायला गेलं, तर आपण याच दवाखान्यात परत येतो.

‘हिस्टरी’ हा शब्द इंग्रजीत लॅटिन आणि फ्रेंच भाषांतून आला, आणि लॅटिनमध्ये तो ग्रीकमधून आला. ग्रीकमध्ये ‘हिस्टोरिया’ म्हणजे चौकशी, विचारपूस, शोध घेऊन मिळवलेलं ज्ञान. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटसने, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोद्रुम गावच्या माणसाने, ग्रीक आणि इराणी यांच्या युद्धांवर ग्रंथ लिहिला. त्याने आपल्या कामाला हाच शब्द वापरला. तो गावोगाव हिंडला, लोकांना विचारलं, आणि एकाच घटनेबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी ऐकल्या तर अनेकदा दोन्ही लिहून ठेवल्या. तेव्हा या शब्दात ‘भूतकाळ’ असा अर्थ मुळी नव्हताच. म्हणूनच प्राणी, पक्षी, झाडं यांच्या अभ्यासाला इंग्रजीत अजून ‘नॅचरल हिस्टरी’ म्हणतात. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघाली. तिच्या नावातल्या ‘हिस्टरी’त राजे नाहीत, लढाया नाहीत, सनावळ्या नाहीत. ताम्हिणीच्या जंगलात शेकरू कुठे घरटं बांधतं, हे पहाटे उठून जो बघतो, तो जुन्या अर्थाने हिस्टरीच करत असतो.

आणखी एक पायरी मागे जाऊ. ‘हिस्टोरिया’च्याही आधी ग्रीकमध्ये ‘हिस्टोर’ होता. हिस्टोर म्हणजे जाणता, ज्याने पाहिलं आहे असा, आणि म्हणून निवाडा करू शकणारा. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीजसाठी घडवलेल्या ढालीचं मोठं वर्णन आहे. त्या ढालीवर एक गाव कोरलेलं आहे, गावच्या चावडीवर माणसं जमली आहेत, आणि दोघांचा तंटा चालला आहे. एका माणसाचा खून झालेला आहे आणि त्याची भरपाई दिली की नाही, यावर वाद आहे. एक म्हणतो दिली, दुसरा म्हणतो मिळाली नाही. दोघंही निवाड्यासाठी हिस्टोरकडे जायला तयार होतात. भरपाई मिळाली की नाही, हा प्रश्न धरणात जमिनी गेलेल्या मुळशीत वेगळा समजावून सांगायला नको. ‘हिस्टरी’च्या पूर्वजाची इतक्या जुन्या काव्यातली ही भेट भरपाईच्या तंट्यात व्हावी, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

भाषाशास्त्रज्ञ सांगतात, की हा ‘हिस्टोर’ ज्या धातूपासून आला, त्याच धातूपासून आपल्याकडे ‘विद्’ आला. विद् म्हणजे जाणणं. त्यातून वेद, विद्या, विद्वान, विद्यार्थी. पाहण्यासाठीचा लॅटिन धातू, ज्यातून ‘व्हिडिओ’ आला, तोही याच कुळातला. म्हणजे ‘हिस्टरी’ आणि ‘विद्यार्थी’ ही दूरची चुलत भावंडं झाली. वर्गात ती एकमेकांना ओळखत नाहीत, एवढंच.

आता आपल्या शब्दांकडे वळते. ‘इतिहास’ हा तीन तुकड्यांचा शब्द आहे: इति, ह, आस. असं खरोखर होतं, असा त्याचा अर्थ. छांदोग्य उपनिषदात इतिहास-पुराणाला पाचवा वेद म्हटलं आहे, आणि महाभारत स्वतःला इतिहास म्हणवतं. ग्रीक शब्दात प्रश्न आहे, आपल्या शब्दात उत्तर आहे. ग्रीक शब्द म्हणतो, चला, विचारू या. आपला शब्द म्हणतो, असं होतं बरं का. मला वाटतं, दोन्ही लागतात. नुसतं उत्तर असलं तर त्याची पोथी होते. नुसता प्रश्न असला तर हाती काहीच राहत नाही.

मधल्या काळात आपल्याकडे आणखी दोन शब्द होते. एक ‘बखर’. अरबी ‘खबर’ या शब्दातली अक्षरं उलटसुलट होऊन बखर झाली, असं मानलं जातं. म्हणजे बातमी, हकिगत. दुसरा ‘तारीख’. अरबी-फारसीत ‘तारीख’ म्हणजे इतिहाससुद्धा. मराठीने तो शब्द घेतला, पण त्यातला इतिहास काढून टाकला आणि नुसता दिवस ठेवला. आज आपल्याला तारीख म्हटलं की कॅलेंडर आठवतं, नाहीतर कोर्ट. आणि शाळेतली मुलं तक्रार करतात, की इतिहास म्हणजे नुसत्या तारखा! त्यांना कल्पनाही नसते, की एका मोठ्या भाषेत ते दोन्ही एकच आहेत.

‘बखर’पासून ‘इतिहास’पर्यंतचा आपला प्रवास अवघ्या सत्तर वर्षांत झाला, आणि तो बराचसा पुण्याच्या आसपास झाला. ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांवर इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्याच्या नावात ‘हिस्टरी’ होतं. १८३० च्या सुमारास कॅप्टन डेव्हिड केपन याने त्याचं मराठी भाषांतर केलं, तेव्हा त्याने नाव दिलं ‘मराठ्यांची बखर’. हिस्टरी म्हणजे बखर, असं सरळ समीकरण. ती बखर शाळांतून वाचली जाऊ लागली. पुढे १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने पुण्यात एक निबंध वाचला. डफच्या ग्रंथातल्या उणिवा त्याने एकेक करून दाखवल्या. डफने हे कशावरून लिहिलं, मूळ कागद कुठे आहेत, हे त्याने विचारलं. एका विद्यार्थ्याने छापील पुस्तकाला ‘कशावरून?’ असं विचारलं, तिथून मराठीत आधुनिक इतिहासलेखन सुरू झालं, असं मी मानते. मग १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. पुढे त्यांचे बावीस खंड झाले. शीर्षकात ‘बखर’ जाऊन ‘इतिहास’ आला, आणि त्याच्या जोडीला ‘साधने’ हा शब्द आला. साधनं म्हणजे पुरावे. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं झाडली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं, त्यात राजवाडे होतेच. ‘असं होतं’ म्हणणाऱ्या आपल्या शब्दाला ‘कशावरून?’ विचारणाऱ्या ग्रीक शब्दाची जोड मिळाली, ती या मंडळींच्या पायपिटीमुळे.

आता या सगळ्यात मुळशी कुठे बसते? माझा खरा मुद्दा इथेच आहे.

आमच्या शाळेतली मुलं कोरीगड आणि घनगड यांची नावं पटकन सांगायची. चौथीत शिवछत्रपतींचा इतिहास असतो, सहल किल्ल्यावर जाते, मुलं ललकारी देत वर चढतात. हे व्हायलाच हवं. पण त्याच मुलांना मी विचारलं, की आपल्या तालुक्यातल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी एक मोठा लढा दिला, तो कोणता? वर्ग शांत व्हायचा. मग मी विचारायचे, “पुण्यात एस. बी. रोड कुणी पाहिलाय?” पंधरा-वीस हात वर व्हायचे. “एस. बी. म्हणजे काय?” एखादा हात उरायचा. “सेनापती बापट. ते कुठले सेनापती? कोणत्या सैन्याचे?” आता एकही हात नसायचा.

ते मुळशीचे सेनापती. पांडुरंग महादेव बापट, जन्म १८८० चा, पारनेरचा. ‘सेनापती’ हे नाव त्यांना मुळशीच्या सत्याग्रहाने दिलं, म्हणजे तुमच्या-माझ्या या खोऱ्याने दिलं. आणि आपण त्याची दोन इंग्रजी अक्षरं करून रिक्षावाल्याला पत्ता सांगतो.

हकिगत थोडक्यात अशी. मुंबईच्या गिरण्यांना आणि शहराला वीज हवी होती. टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावर धरणं बांधून पाणी कोकणात खाली सोडायचं आणि त्यावर वीज करायची, अशी योजना आखली. लोणावळ्याच्या तलावांवर खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं, मग भिवपुरीचं काम निघालं, आणि मग पाळी आली मुळेच्या खोऱ्याची. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली सरकारने खाजगी कंपनीसाठी जमिनी घ्यायला सुरुवात केली. भाताची खाचरं, घरं, देवळं, मसणवटे, सगळं पाण्याखाली जाणार होतं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. बाया होत्या, म्हातारी माणसं होती. विनायकराव भुस्कुटे लोकांमध्ये राहून संघटना बांधत होते. बापट त्यात उतरले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनी या लढ्यासाठी तुरुंगवास पत्करला. धरणाविरुद्धचा जगातला पहिला संघटित लढा म्हणून आज अभ्यासक मुळशीचं नाव घेतात. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर मराठीत आणि इंग्रजीत ग्रंथ लिहिले.

लढा १९२४ पर्यंत चालला आणि हरला. का हरला, हेही मुलांना सांगितलं पाहिजे. कंपनीमागे सरकार होतं, हे एक कारण. पण दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. पुष्कळ जमिनी सावकारांकडे अडकलेल्या होत्या. सावकारांना जमीन वाचण्यापेक्षा भरपाईची रक्कम सोयीची होती, आणि कसणाऱ्याच्या हाताखालची जमीन त्याच्या नावावर नव्हती. तेव्हा ‘आपण सगळे एक होतो’ हे वाक्य ऐकायला गोड आहे, पण गुरुजी असते तर म्हणाले असते, “कशावरून?” अखेरीस कामाची वाहतूक अडवल्याबद्दल बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९२७ साली भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. मुळा पूर्वेला वाहणारी नदी. पुण्यात मुठेला भेटायची, भीमेतून पुढे पार बंगालच्या उपसागराकडे जायची. धरणाने तिचं अडवलेलं पाणी घाटाखाली पश्चिमेला वळवलं, वीज करून ते कुंडलिकेत सोडलं, आणि ते अरबी समुद्राला मिळालं. पाण्याने दिशा बदलली, तशी माणसांनीही बदलली. कुणी डोंगराच्या कडेला वर सरकलं, कुणी पोटापाण्यासाठी दूर गेलं.

आता माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य परत ऐका. ‘माझ्या पणजोबांचं गाव इज हिस्टरी.’ रोजच्या इंग्रजीच्या अर्थाने पाहिलं, तर गाव संपलं, विषय मिटला. आणि याच अर्थाने हे वाक्य आजही आपल्या खोऱ्यात बोललं जातं. हिंजवडी-माणच्या बाजूला जमिनी गेल्या, भूगाव-पिरंगुटला गेल्या; डोंगरावरचे प्लॉट गेले. कुणी जुना विषय काढला, की आपलीच माणसं म्हणतात, “जाऊ द्या हो, झालं ते झालं.”

मराठीत यासाठी एक शब्द आहे: इतिहासजमा. अमुक गोष्ट इतिहासजमा झाली. इंग्रजी ‘इज हिस्टरी’ला हा अगदी जवळचा. पण त्यातला ‘जमा’ बघा. तो जमाखर्चाच्या वहीतला शब्द आहे. जमेला टाकलेलं नाहीसं होत नाही, ते खात्यावर राहतं. ज्याचं खातं, त्याला मागता येतं. इंग्रजी वाक्प्रचार दार बंद करतो, मराठी शब्द वही उघडी ठेवतो. शेजारच्या मावळात पवना धरणाचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलं, की वाघेश्वराचं जुनं दगडी देऊळ उघडं पडतं, लोक जाऊन हात जोडतात, आणि पावसाळ्यात ते पुन्हा पाण्याखाली जातं. ते देऊळ संपलेलं नाही. ते जमा आहे.

आणि आपली जमा मागायची कशी, हे मुळशीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. जमीन विकत घेणारा वकिलाला काय सांगतो? “आधी हिस्टरी काढा.” मग वकील तीस-तीस वर्षांचा सर्च घेतो. सातबारा बघतो, फेरफार बघतो. गाव नमुना सहाच्या वहीत कोणत्या साली कुणाचं नाव लागलं आणि कुणाचं कमी झालं, वारस कोण, बोजा कुणाचा, हे सगळं वाचतो. एका गुंठ्याची हिस्टरी आपण इतक्या बारकाईने काढतो, कारण चुकलो तर पैसा बुडतो. मग अख्खी गावं बुडाली, त्यांची हिस्टरी कोण काढणार?

म्हणून माझी या तालुक्यातल्या शिक्षकांना कळकळीची विनंती आहे. इतिहासाचा तास आठवड्यातून एकदा वर्गाबाहेर न्या. मुलांच्या हाती एक वही द्या. आजी-आजोबांकडे जा, तलाठी कार्यालयात जा, देवळातल्या पुजाऱ्याकडे जा. बुडालेल्या गावांचा आकडा काढायला सांगा. पन्नासच्या आसपासचे वेगवेगळे आकडे त्यांच्या कानावर पडतील. तिथे घाबरू नका, तिथेच शिकवणं सुरू होतं. वाडी वेगळी मोजायची की गावात? अर्धं बुडालेलं गाव बुडालं म्हणायचं का? जमीन गेली पण घर राहिलं, त्याचं काय? मुलं असा वाद घालायला लागली, की समजा, हेरोडोटस आणि राजवाडे दोघंही तुमच्या वर्गात येऊन बसले आहेत. प्रत्येक नोंदीपुढे एक रकाना ठेवा: ‘हे कुणी सांगितलं?’ आजी म्हणाली, “भात लावून झालं होतं तेव्हा,” तर तसंच लिहा. साल नंतर काढता येतं. आजी नंतर सापडत नाही.

आणि दुसरी विनंती इंग्रजीच्या शिक्षकांना, म्हणजे माझ्याच भावंडांना. इंग्रजीत ‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ असे दोन शब्द आहेत. पहिला महत्त्वाचं अशा अर्थी, दुसरा इतिहासाशी संबंधित अशा अर्थी. आपण दोन्हींना ‘ऐतिहासिक’ म्हणतो, आणि वर्तमानपत्रं तर रोजच्या प्रत्येक निर्णयाला ‘ऐतिहासिक’ म्हणतात. हा फरक मुलांना जरूर शिकवा, परीक्षेत येतो. पण त्यांना हेही सांगा, की या शब्दाच्या पोटात चौकशी आहे. आणि मुलाने लिहिलेलं वाक्य चुकलं असं वाटलं, तर खोडण्याआधी त्याला एकदा विचारा. मी विचारलं नाही.

ती वही आज माझ्याकडे नाही. तो मुलगा आता कर्ता माणूस असेल, कदाचित कुठल्या कंपनीत शिफ्टला जात असेल, कदाचित या सभागृहातही असेल. ती वही पुन्हा हाती आली, तर ‘इज’ तसंच राहू देईन, ‘हॅज अ’ पुसेन, आणि समासात लाल शाईने फक्त विचारेन, ‘गावाचं नाव काय?’

त्याने नाव लिहिलं, की त्याखाली गुरुजींचा प्रश्न लिहीन, आणि पुढची पानं त्याच्यासाठी कोरी सोडेन.